जुनी पाटी, नवं बिऱ्हाड

सेटिंगची फाइल वाचून देणारं एक साधं फंक्शन, म्हणजे नावाने हाक मारली की ठरलेलं काम करून देणारा कोडचा तुकडा. फाइल सापडली तर तिच्यातल्या नोंदी द्यायच्या, नाही सापडली तर निमूट रिकाम्या हाताने परत यायचं, असा त्याचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. मी ज्या ओपन सोर्स लायब्ररीला (कुणालाही फुकट वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संग्रहाला) अधूनमधून हातभार लावतो, तिथे हे फंक्शन बदलायचं ठरलं. कारण रास्त होतं. फाइलचं नाव लिहिताना एखादं अक्षर चुकलं तरी प्रोग्राम हूं की चूं न करता चालत राहायचा आणि चूक भलतीकडेच कुठेतरी उगवायची. फाइल नसेल तर सरळ एरर द्यावा, इथवर सगळ्यांचं एकमत. मग भांडण कशावर झालं? ‘रीड’ म्हणावं की ‘लोड’, ‘कॉन्फिग’ म्हणावं की ‘सेटिंग्ज’, क्रियापद आधी यावं की नाम. आठवडाभर माणसं हिरिरीने लिहीत होती, इतर भाषांचे दाखले देत होती, एकमेकांची उणीदुणी काढत होती. शेवटी कुणीतरी वैतागून म्हणालं, ‘जाऊ द्या, जुनंच नाव राहू दे, फक्त आतलं वागणं बदलू.’ सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ज्या वाक्यावर खरं भांडायला हवं होतं, नेमकं तेच भांडण मिटवायला कामी आलं.

बारशाला गाव लोटतं, खांदा द्यायला चौघं मिळवताना नाकी नऊ येतात. फंक्शनच्या नावांचंही तसंच आहे. नवं नाव काय ठेवायचं यावर प्रत्येकाला मत असतं, कारण त्यासाठी कोड वाचावा लागत नाही. जुन्या नावाचं पुढे काय करायचं, हा प्रश्न मात्र बेवारस राहतो. माझी भूमिका सुरुवातीलाच सांगून टाकतो: जुन्या नावाला नवा अर्थ चिकटवणं हा इंटरफेस (कोडचं बाहेरच्यांना दिसणारं रूप) बदलण्याच्या सगळ्या वाटांमधली सर्वांत वाईट वाट आहे. बोजड नाव ठेवणं, काही काळ दोन नावं सांभाळणं, जुनं नाव साफ उडवून टाकणं, यांतलं काहीही परवडलं. वागणं बदललं की नाव बदला. जुन्या नावाला काही दिवस कुरकुर करू द्या, मग बंद पडू द्या, आणि बंद पडताना आवाज होऊ द्या. पण दारावरची पाटी तशीच ठेवून आत दुसरं बिऱ्हाड आणू नका. जुन्या ओळखीवर येणारा माणूस पाटी बघून सरळ आत शिरतो. ‘हे घर तेच ना?’ असं विचारायची गरजच त्याला वाटत नाही.

‘रिफॅक्टरिंग’ या शब्दाने इथे बराच घोटाळा केला आहे. बाहेरून दिसणारं वागणं जसंच्या तसं ठेवून आतली रचना सुधारायची, हा त्याचा मूळ अर्थ. नाव बदलणं हे त्यातलं अगदी रोजचं काम. आजचे एडिटर ते एका कळीसरशी करतात: जिथे जिथे ते नाव वापरलंय तिथे तिथे नवं घालून देतात. यामागे एक गृहीतक असतं, ते म्हणजे हाक मारणारे सगळे तुमच्याच घरातले आहेत. लायब्ररीतलं नाव एकदा प्रसिद्ध झालं की ते अशा लोकांच्या कोडमध्ये जाऊन बसतं, ज्यांना तुम्ही ओळखत नाही आणि ज्यांचा कोड तुम्हाला कधी दिसणार नाही. त्यातल्या काहींनी ती नोकरी केव्हाच सोडलेली असते. कोड मात्र रोज रात्री नेमाने चालत असतो. तुमच्या एडिटरची कळ तिथवर पोचत नाही. अशा ठिकाणी वागणं बदललं की त्याला रिफॅक्टरिंग म्हणायचा हक्क संपला. तुम्ही करार बदलता आहात, तेही समोरच्याची सही न घेता.

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी बघायला मिळतात. कर्नलच्या पोटातली फंक्शन्स बेधडक बदलतात, नाहीशी होतात. त्यांच्या स्थैर्याची हमी कुणी देत नाही. पण तिथला रिवाज असा, की जो बदल करतो त्यानेच त्या फंक्शनला हाक मारणाऱ्या साऱ्या जागा दुरुस्त करायच्या. मजकूर कॉपी करणारं ‘एसटीआर-एल-कॉपी’ हे फंक्शन धोक्याचं ठरलं तेव्हा आधी ‘एसटीआर-एस-कॉपी’ आलं, मग वर्षानुवर्षं एकेक जागा बदलत गेली, आणि शेवटची जागा बदलून झाल्यावर २०२४ च्या ६.८ व्हर्जनमध्ये जुनं नाव निघालं. उलट, बाहेरच्या प्रोग्रामना दिसणाऱ्या सिस्टिम कॉल्सना (कर्नलकडून काम करून घ्यायच्या हाकांना) हात लावायची सोय नाही. बाहेरच्याचा चालता प्रोग्राम मोडला तर चूक कर्नलची, हा तिथला दंडक आहे. एकाच प्रकल्पात एवढा स्वैरपणा आणि एवढं सोवळं एकत्र नांदतं, कारण हाक मारणारा कुठे राहतो यावर सगळं ठरतं.

आता, आवाज करून मोडणं आणि गुपचूप मोडणं यांत फरक तो काय? मोडलं ते मोडलंच, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा इतिहास जरा जवळून बघावा. पायथन ३ आलं ३ डिसेंबर २००८ ला. पायथन २ ची मुदत २०१५ मध्ये संपायची होती. ती वाढवून १ जानेवारी २०२० वर न्यावी लागली. लोक या सगळ्या रखडपट्टीचं खापर ‘प्रिंट’ला कंस लागले यावर फोडतात, कारण तो बदल डोळ्यांवर येतो. खरं तर तो सगळ्यांत निरुपद्रवी होता. जुना कोड चालवताच पहिल्या फटक्यात सिंटॅक्स एरर यायचा, ओळ दाखवली जायची, आणि ‘टू-टू-थ्री’ नावाचं टूल ती यंत्रवत दुरुस्त करून द्यायचं. त्रास दिला तो न बोलणाऱ्या बदलांनी. सात भागिले दोन पूर्वी तीन यायचे, आता साडेतीन येऊ लागले. चिन्ह तेच, एरर नाही, फक्त उत्तर वेगळं. (या बदलाची दवंडी २००१ च्या २.२ व्हर्जनपासून पिटली जात होती आणि पूर्णांकी भागाकारासाठी वेगळं चिन्हही दिलं होतं, हे श्रेय द्यायलाच हवं.) त्याहून कठीण होतं ‘एसटीआर’चं, म्हणजे मजकूर साठवणाऱ्या प्रकाराचं, प्रकरण. पूर्वी या नावाखाली बाइट्स, म्हणजे नुसते आकडे, राहत होते, आता तिथे युनिकोड अक्षरं, म्हणजे जगातल्या लिप्यांची अक्षरं, राहायला आली. कित्येकदा इंग्रजी मजकुरावर सगळ्या चाचण्या बिनबोभाट पास व्हायच्या, आणि पहिलं देवनागरी नाव किंवा पहिलं स्वरचिन्ह लावलेलं फ्रेंच आडनाव आलं की प्रोग्राम आडवा पडायचा. कधी? चालू असताना, ग्राहकाच्या यंत्रावर.

पण माझ्या लेखी सगळ्यांत बोलकं उदाहरण एका छोट्या फंक्शनचं आहे. पायथन २ मध्ये वापरणाऱ्याकडून मजकूर घ्यायला दोन फंक्शन्स होती. ‘रॉ-इनपुट’ टाइप केलेलं जसंच्या तसं द्यायचं. ‘इनपुट’ मात्र टाइप केलेला मजकूर पायथनचा कोड समजून चालवायचं आणि त्याचं उत्तर द्यायचं. दुसरा प्रकार घातक होता यात वादच नाही. परक्या माणसाने टाइप केलेलं आपल्या प्रोग्राममध्ये चालवणं म्हणजे घराची किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्यासारखं. पायथन ३ मध्ये ते वागणं काढलं, आणि मोकळं झालेलं सुटसुटीत ‘इनपुट’ हे नाव ‘रॉ-इनपुट’ला दिलं. नाव म्हणून निवड उत्तम. पण याचा परिणाम काय झाला बघा. पायथन ३ साठी लिहिलेला, पूर्णपणे निर्दोष प्रोग्राम कुणी चुकून पायथन २ वर चालवला, तर तोच प्रोग्राम वापरणाऱ्याचा मजकूर कोड म्हणून चालवू लागायचा. अक्षर न बदलता सुरक्षित ओळ असुरक्षित झाली. ‘रॉ-इनपुट’ तसंच ठेवून ‘इनपुट’ नुसतं काढलं असतं, किंवा नव्याला तिसरंच नाव दिलं असतं, तर चुकीच्या व्हर्जनवर ‘हे नाव मला माहीत नाही’ एवढा एक एरर आला असता. चार अक्षरं कमी टाइप करण्यासाठी केलेला हा सौदा मला आजही महाग वाटतो.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. काढलेलं नाव परत आणता येतं, बदललेला अर्थ परत आणता येत नाही. पायथन ३.० मधून ‘कॉलेबल’ हे फंक्शन काढलं होतं. लोकांची गैरसोय झाली म्हणून ३.२ मध्ये ते परत आलं. युनिकोड मजकुराआधी लावायचं ‘यू’ हे अक्षर काढलं होतं; २०१२ च्या ३.३ मध्ये तेही परत आलं. कुणाचं काही बिघडलं नाही, कारण मधल्या काळात ती जागा रिकामी होती. तिथे दुसरा अर्थ आणून बसवला असता तर? एव्हाना त्या दुसऱ्या अर्थावर विसंबलेली माणसं तयार झाली असती, आणि चूक सुधारायला गेलो की त्यांचं मोडलं असतं.

इथे नावांबद्दलचा एक भेद करायला हवा, जो आमच्या आठवडाभराच्या वादात कुणीच केला नाही. काही नावं कुरूप असतात, काही खोटं बोलतात. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फाइल तयार करणाऱ्या कॉलचं नाव ‘क्रिएट’ या इंग्रजी शब्दाचं शेवटचं अक्षर गाळून ठेवलेलं आहे. युनिक्स पुन्हा घडवायचं झालं तर काय बदलाल, या प्रश्नावर युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी ते गाळलेलं अक्षर घालीन असं उत्तर दिल्याचं सांगतात. वेबवर तुम्ही कोणत्या पानावरून आलात हे सांगणाऱ्या ‘रेफरर’ या हेडरचं (पान मागताना सोबत जाणाऱ्या नोंदीचं) स्पेलिंग १९९६ च्या दस्तऐवजात चुकलं आणि आजही चुकीचंच चालू आहे. या दोन चुकांनी आजवर कुणाचं काय वाकडं केलं? दोन मिनिटं हसू आलं, एवढंच. कुरूप नावाला माणूस सरावतो, आणि म्हणून ते बदलण्याची घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘लोड’ की ‘रीड’ हा वाद या वर्गातला.

खोटं बोलणाऱ्या नावांची गोष्ट वेगळी. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. सी भाषेतलं ‘एसटीआर-एन-कॉपी’ हे नावावरून ‘एसटीआर-कॉपी’चा सुरक्षित भाऊ वाटतं, कारण त्याला लांबीची मर्यादा देता येते. प्रत्यक्षात ते जुन्या युनिक्सच्या डिरेक्टरीतल्या १४ बाइट्सच्या ठरीव चौकटी भरण्यासारख्या कामाचं. मजकूर मर्यादेइतका भरला तर मजकूर संपल्याची खूण असलेलं शेवटचं शून्य ते टाकतच नाही. सुरक्षितता म्हणून ते वापरणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बग पेरले. पांडाज या पायथनच्या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीतल्या ‘अपेंड’चंही तसंच. पायथनच्या साध्या यादीला ‘अपेंड’ केलं की त्याच यादीत एक घटक स्वस्तात जोडला जातो. पांडाजच्या तक्त्यावर मात्र ‘अपेंड’ प्रत्येक वेळी सगळा तक्ता नव्याने कॉपी करायचं आणि मूळ तक्त्याला हातही लावायचं नाही. ओळखीचं नाव उसनं घेतलं, त्याबरोबर खोटी अपेक्षाही आली. २०२२ च्या १.४ मध्ये त्यावर वॉर्निंग लागली, २०२३ च्या २.० मध्ये ते काढलं गेलं. लक्षात घ्या, ‘अपेंड’चं वागणं सुधारून नाव तेच ठेवण्याचा मोह तिथेही होऊ शकला असता. त्यांनी नाव काढलं आणि लोकांना आधीपासून असलेल्या ‘कॉनकॅट’कडे पाठवलं. आरडाओरडा झाला, पण कुणाचं उत्तर गुपचूप चुकलं नाही.

आता विरुद्ध बाजूची बाजू घेतो, कारण ती पोकळ नाही. सगळ्यांत वजनदार मुद्दा मेंटेनरचा, म्हणजे लायब्ररी सांभाळणाऱ्याचा. तो फुकट राबतो, रात्री जागून राबतो, आणि आपण त्याला सांगायचं की जुनं नाव सांभाळ, वॉर्निंग लिही, दोन व्हर्जन थांब? हे मला पूर्ण मान्य आहे. पण ओझं नेमकं कशाचं असतं ते बघा. जुनं नाव ठेवून आतून नव्या फंक्शनला हाक मारणं हे चार ओळींचं काम. गो भाषेत २०२१ च्या १.१६ मध्ये ‘आयओ-यूटिल’ पॅकेजातली फंक्शन्स नव्या जागी हलवली. जुनी अजूनही आहेत, त्यांच्या पोटात नव्याला मारलेली एक हाक आहे, बस. ओझं होतं ते दोन वेगळ्या वागणुकी सांभाळण्याचं. ते जड होत असेल तर मेंटेनरने जुनं खुशाल काढावं. माझ्या म्हणण्यात त्याला आडकाठी नाही. फुकट राबणाऱ्याला ‘मला आता हे जमत नाही’ म्हणायचा अधिकार आहेच. पण आपला त्रास कमी करण्यासाठी दुसऱ्याच्या कोडचा अर्थ त्याला न कळवता बदलण्याचा अधिकार फुकट राबण्यातून कसा मिळतो? शिवाय त्याने वाचवलेला एक तास नाहीसा होत नाही. तो हजार जणांच्या रात्रींमध्ये वाटला जातो.

मग लोक व्हर्जन क्रमांकाचा आधार घेतात. मेजर, म्हणजे पहिला, आकडा बदलला की काहीही मोडायला मुभा, हा सिमँटिक व्हर्जनिंगचा नियम. नियम चांगला आहे, पण तो कुठे लिहिलेला असतो? अवलंबनांची, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररींची, यादी असलेल्या फाइलीत. आणि नाव असतं प्रत्यक्ष ओळीत. ओळ प्रवास करते: पुस्तकात छापली जाते, शिकवण्यांमध्ये उतरवली जाते, एका प्रकल्पातून दुसऱ्यात चिकटवली जाते. व्हर्जनचा आकडा तिच्याबरोबर जात नाही. पाच वर्षांपूर्वीच्या धड्यातली ओळ आज चालवणाऱ्याला तुमचा मेजर आकडा दिसतच नाही. त्याला फक्त नाव दिसतं. पर्लकारांना हे मोठ्या पातळीवर भोगावं लागलं. २००० मध्ये घोषित झालेली पर्ल ६ ही हळूहळू वेगळीच भाषा बनली, आणि ‘पाचनंतर सहा’ या आकड्यामुळे चालती पर्ल ५ उगाच म्हातारी दिसू लागली. शेवटी २०१९ मध्ये नव्या भाषेला ‘राकू’ हे नाव दिलं तेव्हा दोघींची सुटका झाली. आकडा नावाचं काम करू शकत नाही याची एवढी महागडी साक्ष दुसरी नसेल.

वॉर्निंग कोण वाचतं, हाही रास्त टोमणा. पायथनने स्वतःच २.७ पासून डेप्रिकेशनच्या (‘हे पुढे काढलं जाणार’ अशा) वॉर्निंग मुळात दिसेनाशा केल्या, कारण ज्यांना काही करता येत नव्हतं अशा वापरणाऱ्यांना त्या दिसायच्या. चाचण्यांमधल्या एका फंक्शनचं ‘असर्टइक्वल्स’ हे बहुवचनी टोपणनाव ३.२ मध्ये नापसंत ठरलं आणि २०२३ च्या ३.१२ मध्ये निघालं. बारा वर्षं गेली, तरी निघालं त्या दिवशी कितीतरी चाचण्या कोसळल्याच. जावा या भाषेत तर ‘डेप्रिकेटेड’ या शब्दाचीच पत गेली. चालू काम मध्येच थांबवणारं ‘थ्रेड-स्टॉप’ १९९८ मध्ये डेप्रिकेट झालं आणि पुढची पंचवीस वर्षं धड मेलं नाही, धड जगलं नाही. २०२३ च्या जावा २० मध्ये ते नुसता एरर देऊ लागलं. मधल्या काळात, २०१७ च्या जावा ९ ला ‘हे खरंच काढणार आहोत’ असं सांगायची वेगळी खूण शोधावी लागली! म्हणजे वॉर्निंग निरुपयोगी? मला वाटतं, जागा चुकली आहे. वॉर्निंग जिथे छापली जाते तिथे कुणी बघत नाही. नाव जिथे लिहिलं जातं तिथे सगळे बघतात. रिअ‍ॅक्टने (ही वेबपानं बांधायची लायब्ररी) २०१८ च्या १६.३ मध्ये तीन जुन्या मेथडना, म्हणजे फंक्शनच्याच एका प्रकाराला, ‘अनसेफ’ हा ठळक उपसर्ग लावलेली नावं दिली. तशीच वापरायची तर वापरा, पण दर वेळी तो शब्द स्वतःच्या हाताने लिहा. शब्दाची निवड थोडी फसली. लोकांना वाटलं हॅकिंगचा धोका आहे, आणि तसं नाही हे खुलासा करून सांगावं लागलं. कल्पना मात्र अस्सल होती: इशारा नावातच घातला की तो कोड वाचणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेस पडतो.

उरतो तो खरा अवघड आक्षेप, आणि आमच्या लायब्ररीतले लोक न बोलता त्याच्याच दबावाखाली होते. चांगलं नाव एकच असतं आणि ते जुन्या, बिघडलेल्या फंक्शनने अडवून ठेवलेलं असतं. मग नव्या, चांगल्या फंक्शनने जन्मभर शेपूट लावून हिंडायचं का? विंडोजच्या फंक्शन्सच्या नावांमागचं ‘ईएक्स’ बघा. लिनक्समधले आकडे बघा: ‘डप’, ‘डप-२’, ‘डप-३’, ‘वेट-३’, ‘वेट-४’, ‘पाइप-२’, ‘ओपनॲट-२’. गंमत म्हणजे ‘डप-३’मधला तीन म्हणजे तीन आर्ग्युमेंट (फंक्शनला हाक मारताना पुरवायच्या बाबी) आणि ‘वेट-४’मधला चार म्हणजे चार आर्ग्युमेंट, पण ‘ओपनॲट-२’मधला दोन म्हणजे दुसरी आवृत्ती, त्याला आर्ग्युमेंट चार लागतात. नवख्याने यातून काय समजायचं?

याचं उत्तर मला नाण्यांच्या इतिहासात दिसतं. १ एप्रिल १९५७ ला भारतात दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे चौसष्ट पैसे होते, आता शंभर झाले. शब्द चांगला होता, लोकांच्या तोंडी होता, पण त्याच शब्दाखाली दोन किमती एकाच वेळी फिरल्या असत्या तर हिशेबाचा बट्ट्याबोळ झाला असता. म्हणून नाण्यावर ‘नया पैसा’ असं छापलं. उपसर्ग ओबडधोबड होता, आणि तो कायमचा नव्हताच. जुना पैसा व्यवहारातून आणि मनातून गेल्यावर, १ जून १९६४ पासून ‘नया’ गळला आणि नुसता ‘पैसा’ उरला. ब्रिटनने १९७१ मध्ये हेच केलं. तिथल्या नाण्यांवरचा ‘न्यू’ १९८२ मध्ये गेला. चांगलं नाव परत मिळालं, फक्त मध्ये एक अंतर ठेवून.

कोडमध्ये हे जमतं का? नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीने जमवून दाखवलं आहे. ‘एनपी-डॉट-बूल’ हे नाव पूर्वी पायथनच्या खरं-खोटं साठवणाऱ्या साध्या ‘बूल’चं नुसतं टोपणनाव होतं आणि लोकांना ते नमपायचा स्वतःचा प्रकार वाटायचं, खोटं बोलणारं नाव. जानेवारी २०२१ च्या १.२० मध्ये त्यावर वॉर्निंग लागली. डिसेंबर २०२२ च्या १.२४ मध्ये ते काढलं, आणि त्या जागी येणाऱ्या एररमध्येच त्याऐवजी काय लिहायचं तेही सांगितलं. मग दीड वर्ष ती जागा ओस होती. जून २०२४ च्या २.० मध्ये तेच नाव परत आलं, या वेळी नमपायच्या खऱ्या प्रकारासाठी. बोलणं, बंद पडणं, रिकामं राहणं, मग नवा अर्थ. त्या दीड वर्षात जुना कोड चालवणारा प्रत्येक जण एररला धडकला आणि दुरुस्त होऊन पुढे गेला. जे धडकलेच नाहीत ते बहुधा जुन्याच व्हर्जनवर सुखाने बसून आहेत. माझ्या नियमाला हा अपवाद आहे असं कुणी म्हणेल. मला तो नियमाचाच उत्तरार्ध वाटतो. घर पुन्हा भाड्याने द्या, पण आधी पाटी काढा आणि काही दिवस दाराला कुलूप दिसू द्या.

दोन नावांमुळे नवखे गोंधळतात, हे मान्यच. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या टूलमध्ये ‘चेकआउट’ हा एकच हुकूम शाखाही बदलायचा आणि फाइलीतले बदलही पुसायचा. २०१९ च्या २.२३ मध्ये त्याची कामं ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ अशी वेगळी काढली, जुना हुकूमही ठेवला. आजही असंख्य धड्यांमध्ये ‘चेकआउट’च शिकवला जातो. पण गोंधळलेला नवखा विचारतो, शोधतो, शिकतो. ज्याला आपण चुकतोय हेच कळत नाही, तो काय विचारणार?

स्वीडनचा दाखला मला हटकून दिला जातो. ३ सप्टेंबर १९६७ ला त्या देशाने एका पहाटेत डावीकडून उजवीकडे वाहनं चालवायला सुरुवात केली. रस्ते तेच, अर्थ उलटा, आणि जमलं की! जमलं खरं. पहाटे ४ वाजून ५० मिनिटांनी रस्त्यावरची सगळी वाहनं थांबली, सावकाश दुसऱ्या बाजूला गेली, आणि ५ वाजता पुढे निघाली. रस्ता कुणाच्या ताब्यात होता, वाहनं कोण थांबवू शकत होतं, पाट्या कुणी बदलल्या, हे या दाखल्यात कुणी सांगत नाही. एका छताखालच्या कोडमध्ये अशी पहाट आणता येते. कर्नलच्या पोटात तर ती नेहमी येते. ओपन सोर्स लायब्ररीला ४ वाजून ५० मिनिटं कधी होतच नाहीत. तिचे वापरणारे कुणी आज नवं व्हर्जन घेतात, कुणी सहा वर्षांनी. म्हणजे काही गाड्या सहा वर्षं डावीकडूनच येत राहणार, समोरून.

नवं फंक्शन लिहिताना पुढच्या स्थलांतराची तजवीज आजच करता येते, आणि नावाच्या वादात वाया गेलेला आठवडा आम्ही तिथे घालवायला हवा होता. फाइल उघडणारा ‘ओपन’ हा जुना कॉल अनोळखी फ्लॅग (पर्याय सांगणारी खूण) मुकाट्याने दुर्लक्षित करायचा. त्यामुळे नवा फ्लॅग आणला तर जुनं कर्नल ‘हो’ म्हणून काहीच करायचं नाही. ‘ओपनॲट-२’ अनोळखी फ्लॅग सरळ नाकारतं आणि पर्याय एका वाढवता येणाऱ्या रचनेत घेतं. आज नाकारलेलं उद्या स्वीकारता येतं. आज मुकाट्याने गिळलेलं मात्र कुणाच्या तरी कोडमध्ये रुजतं.

आमच्या सेटिंगच्या फाइलीकडे परत येतो. जुन्या फंक्शनला पुढच्या रिलीजमध्ये वॉर्निंग लावावी, त्याच्या पुढच्या मेजर रिलीजमध्ये ते फक्त एरर द्यावं आणि त्या एररमध्ये नव्या फंक्शनचं नाव असावं, फाइल नसताना काय करायचं हे नव्याला आर्ग्युमेंट देऊन सांगता यावं, असा प्रस्ताव मी मांडला आहे. वागणं बदलण्याचा कोड बाजूला काढून ठेवलाय. दोघांनी होकार दिला, एकाने ‘एवढा खटाटोप कशाला’ असं लिहिलं, आणि बाकीचे नव्या फंक्शनच्या नावावर पुन्हा भांडू लागले आहेत. मला ‘लोड’ आवडतं. ‘रीड’ ठरलं तरी माझी हरकत नाही.